आवाजाआधी ओहम बघा!

हौसेने साउंड बॉक्स जुळवणारे बहुतेक जण अ‍ॅम्प्लिफायर बोर्डावरचे वॅट वाचतात आणि स्पीकरच्या पाठीवरचे ओहम विसरतात. रायपूरजवळच्या बीरगांवात ही चूक ऐन गणपतीत एका पंधरा-वीस घरांच्या कॉलनीला भोवली. कमी ओहमच्या स्पीकरसाठी बोर्ड निवडायचा कसा, हे त्या निमित्ताने समजून घेऊ या.

संध्याकाळची आरती रंगात आली होती. गणपतीची आरती झाली, शंकराची झाली, देवीची सुरू झाली आणि मांडवातल्या साउंड बॉक्समधून एकदम खर्रर्र असा आवाज आला. पाठोपाठ जळका वास. माईक मुका झाला. बायकांनी टाळ्या थांबवल्या नाहीत, आरती तशीच पुढे नेली, म्हणून वेळ निभावली. पण कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या भाच्याचा चेहरा मात्र पार उतरला होता. तो बॉक्स त्याने स्वतः बनवला होता, आणि तोही कॉलनीच्या वर्गणीतून!

ही गोष्ट बीरगांवची. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यालगत, उरला औद्योगिक वसाहतीला चिकटून हे गाव वाढलं. आज त्याची स्वतःची नगर निगम आहे. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत होता. त्या काळापासूनची मराठी घरं रायपुरात आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. पुढे कारखान्यांमधल्या नोकऱ्यांसाठी विदर्भातूनही माणसं इकडे आली. माझ्या मावशीचं कुटुंब त्यांतलंच. मावसभाऊ रोलिंग मिलमध्ये फिटर आहे आणि त्याचा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो.

दरवर्षी ही मंडळी साउंडवाल्याला पैसे मोजून स्पीकर भाड्याने आणायची. गेल्या गणपतीआधी भाच्याने बैठकीत उठून सांगितलं, ‘तेवढ्याच पैशांत मी बॉक्स करून देतो. दरवर्षीचा खर्च वाचेल.’ मोठ्या माणसांनी पोरावर विश्वास टाकला. त्याने आठ ओहमचे चार स्पीकर आणले, ट्रान्सफॉर्मर आणला आणि ‘२०० वॅट’ असं सांगून विकलेला एक अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणला. पहिल्या दिवशी सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी हा प्रकार घडला.

घरी आल्यावर दादा भडकला. ‘लोकांचा पैसा जाळलास! उद्यापासून ही सोल्डरिंगची खटपट बंद. पुस्तक हातात घे.’ पोरगा काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘आत्या, दुकानदार म्हणाला होता दोनशे वॅटचा आहे. मी तर आवाज अर्ध्यावरच ठेवला होता. मग जळला कसा?’

प्रश्न रास्त होता. उत्तर मला ठाऊक नव्हतं. सकाळी आम्ही दोघं तो जळका बोर्ड घेऊन कॉलनीच्या टोकाला राहणाऱ्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो. काका मूळचे गोंदियाचे, सत्तरी ओलांडलेले. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत सगळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला.

‘पोट्ट्या, चार स्पीकर जोडले कसे?’

‘सगळे लाल एकत्र, सगळे काळे एकत्र.’

‘म्हणजे पॅरलल. मंग किती ओहम झाले?’

भाच्याने मनात हिशेब केला आणि डोक्याला हात लावला. आठ ओहमचे चार स्पीकर पॅरलल, म्हणजे दोन ओहम!

ओहम म्हणजे अडवणूक

जॉर्ज ओहम हा जर्मनीतल्या एका कुलूपवाल्याचा मुलगा. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने तारांमधून वाहणाऱ्या विजेचा अभ्यास केला आणि १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध केला. विजेचा दाब म्हणजे व्होल्ट, वाहणारा प्रवाह म्हणजे अँपिअर आणि त्या प्रवाहाला होणारी अडवणूक म्हणजे ओहम. दाब तेवढाच ठेवून अडवणूक निम्मी केली की प्रवाह दुप्पट होतो. दहावीच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. गोची ही की बाजारात उभं राहिल्यावर ते आठवत नाही.

समजा, अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला १२ व्होल्ट देतोय. स्पीकर आठ ओहमचा असेल तर दीड अँपिअर प्रवाह वाहील आणि १८ वॅट शक्ती मिळेल. चार ओहमचा असेल तर तीन अँपिअर आणि ३६ वॅट. दोन ओहमचा असेल तर सहा अँपिअर आणि ७२ वॅट. ऐकायला झकास वाटतं! स्पीकर बदलला की वॅट आपोआप वाढले. पण हे जास्तीचे अँपिअर येणार कुठून? बोर्डावरच्या त्या बोटभर आयसीमधून आणि मागच्या ट्रान्सफॉर्मरमधून. त्यांच्यात तेवढा दम नसेल तर आवाज फाटतो, आयसी तापते आणि शेवटी मरते.

शॉर्ट सर्किट म्हणजे तरी काय? ओहम जवळजवळ शून्यावर येणं. स्पीकरचे ओहम जसजसे कमी करत जाऊ तसतसे आपण शॉर्ट सर्किटच्या दिशेनेच चाललेलो असतो. म्हणून चार ओहम, दोन ओहम हे ‘जड’ ओझं. आकडा लहान, पण ओढ मोठी.

भाच्याच्या बोर्डावर टीडीए ७२९४ ही आयसी होती. हौशी मंडळींत ती फार लोकप्रिय आहे. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्टचा, म्हणजे डायोड आणि कंडेन्सरनंतर अधिक-उणे सुमारे ३४ व्होल्ट. दोन ओहमवर एवढा दाब पडला तर हिशेबाने प्रवाहाची उसळी १७ अँपिअरपर्यंत जाऊ पाहते. त्या आयसीची शिखरावरची क्षमता आहे १० अँपिअर. आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवून काही उपयोग नव्हता, कारण माईकवर कोणी तोंड जवळ नेऊन जोरात गायलं की उसळी यायचीच. फ्यूज वेळेवर उडाला म्हणून स्पीकर तेवढे वाचले.

मग कमी ओहमचे स्पीकर बनवतात कशाला?

याचं उत्तर आपल्या मोटारीत आहे. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास. एवढ्याशा दाबात आठ ओहमच्या स्पीकरमध्ये पुरेशी शक्ती घालता येत नाही. दाब वाढवता येत नाही म्हटल्यावर अडवणूक कमी करायची, हा सोपा मार्ग. म्हणून मोटारीचे स्पीकर सहसा चार ओहमचे असतात आणि बेससाठीचे काही मोठे स्पीकर दोन ओहमचेही मिळतात.

दुसरं कारण म्हणजे आपणच केलेली जोडणी. मांडवात, लग्नघरात, हॉलमध्ये एका अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकर वाढवत जायची सवय असते. आठ ओहमचे दोन पॅरलल जोडले की चार. चार जोडले की दोन. स्पीकरवर आठ लिहिलेलं असलं तरी अ‍ॅम्प्लिफायरला दिसतात ते दोनच.

म्हणून खरेदीला निघण्याआधी घरी बसून एक हिशेब कागदावर मांडायचा. एकामागोमाग एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडले तर ओहमची बेरीज होते. सारखे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर निम्मे होतात. चार स्पीकर असतील तर दोन-दोनच्या सीरिज जोड्या करून त्या दोन जोड्या पॅरलल जोडता येतात. आठ ओहमचे चार स्पीकर असे जोडले की एकूण पुन्हा आठच ओहम!

स्पीकरवरचं लिखाण पुसलं असेल तर साधा मल्टीमीटर लावावा. आठ ओहमचा स्पीकर सहा-सातच्या आसपास दाखवतो, चार ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. मीटर खोटं बोलत नाही. ते फक्त तारेच्या वेटोळ्याची अडवणूक मोजतं. स्पीकर वाजत असताना ही अडवणूक सुरागणिक बदलते, कुठे खूप वाढते तर कुठे घसरते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे चार ओहमचा चांगला स्पीकरसुद्धा कधीकधी ३.२ ओहमपर्यंत उतरतो. बोर्ड निवडताना एवढी सवलत हाताशी धरलेली बरी.

वॅटच्या आकड्यातली गंमत

मोटारीच्या स्टिरिओवर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. १४.४ व्होल्टमधून चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ सुराचे फार तर २६ वॅट मिळू शकतात. तेही आयसीमध्ये काहीच वाया गेलं नाही असं धरून. मग पन्नास आले कुठून? आवाज इतका वाढवायचा की सुराची गोलाई जाऊन त्याचे चौकोनी ठोकळे व्हावेत. तेव्हा हिशेब ५१-५२ वॅटवर जातो. आकडा खरा, पण त्या आकड्याला गाणं ऐकवत नाही.

बोर्डांचंही तसंच. टीडीए ७२९४ च्या माहितीपत्रकात काय लिहिलंय बघा. आठ ओहमचा स्पीकर असेल तर अधिक-उणे ३५ व्होल्टवर ७० वॅट. चार ओहमचा असेल तर अधिक-उणे २७ व्होल्टवर ७० वॅट. म्हणजे कंपनी स्वतःच सांगते की स्पीकरचे ओहम कमी कराल तर व्होल्टही कमी करा. ७० वॅट दोन्हीकडे तेवढेच! दोन ओहमचं तर नावच नाही. बोर्ड विकणाऱ्याने त्याला २०० वॅट म्हटलं काय आणि ३०० म्हटलं काय, आयसी काही ते ऐकत नाही.

अलीकडे मिळणाऱ्या छोट्या डिजिटल म्हणवल्या जाणाऱ्या बोर्डांचीही हीच कथा. जाणकार त्यांना ‘क्लास डी’ म्हणतात. त्यांतली टीपीए ३११६ ही आयसी फार चालते. तिची कीर्ती ‘५० अधिक ५० वॅट’ अशी आहे आणि ती खरीही आहे. पण कधी? २१ व्होल्टचा पुरवठा आणि चार ओहमचे स्पीकर असतील तेव्हा. तोच बोर्ड १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर लावला तर एका बाजूला १८ वॅटच्या पुढे जाण्याचा प्रश्नच नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच. शिवाय त्या अ‍ॅडॉप्टरवर ‘२ अँपिअर’ लिहिलं असेल तर तो देणार एकूण २४ वॅट. पोत्यात २४ किलो तांदूळ असताना शंभर किलोचा भात शिजणार कसा?

तेव्हा बोर्ड घेताना ‘किती वॅट?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘किती व्होल्टवर, किती ओहममध्ये?’ हे पुढचे दोन प्रश्न विचारल्याशिवाय वॅटच्या आकड्याला अर्थ येत नाही.

चार ओहमसाठी कोणता? दोन ओहमसाठी कोणता?

आता मुद्द्याचं. टेबलावरच्या छोट्या रेडिओसारख्या कामासाठी पाच व्होल्टवर चालणारा पीएएम ८४०३ चा नखाएवढा बोर्ड पुरतो. चार ओहममध्ये एका बाजूला फार तर तीन वॅट. मोबाइलचा चार्जर लावा आणि ऐका. चार ओहमच्या खाली मात्र त्याला नेऊ नका.

घरातल्या हॉलसाठी, मोटारीतून काढलेले चार ओहमचे स्पीकर वापरायचे असतील तर टीपीए ३११६ चा बोर्ड सोयीचा. ही आयसी दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवताना ३.२ ओहमपर्यंतचं ओझं सोसते, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरसाठीची आपली सवलत तिथे बरोबर बसते. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात पडलेला असेल तर तो या कामाला उत्तम. मात्र २६ व्होल्ट ही तिची वरची मर्यादा, ती ओलांडू नये.

दोन ओहमचा बेस स्पीकर चालवायचा असेल तर याच आयसीचा ‘मोनो’ बोर्ड शोधा. त्यात आयसीच्या दोन्ही बाजू समांतर जोडून एकच जाडजूड बाजू केलेली असते. बोर्डावर किंवा माहितीपत्रकात त्याला पीबीटीएल म्हणतात. अशा जोडणीत ती १.६ ओहमपर्यंत उतरू शकते आणि २१ व्होल्टवर दोन ओहममध्ये १०० वॅट देते. दोन बाजूंच्या बोर्डाचं एक टोक इकडून, एक तिकडून घेऊन घरी असा प्रयोग करू नका. ती जोडणी बोर्ड बनवतानाच करावी लागते.

जुन्या पद्धतीच्या, ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या बोर्डांत एलएम ३८८६ ही आयसी नावाजलेली आहे. अधिक-उणे २८ व्होल्टवर ती आठ ओहममध्ये ३८ वॅट आणि चार ओहममध्ये ६८ वॅट देते. टीडीए ७२९४ वर चार ओहमचा स्पीकर लावायचा असेल तर २४-०-२४ ऐवजी १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्यातून अधिक-उणे साडेपंचवीस व्होल्ट मिळतात आणि आयसी सुखात राहते.

या जुन्या पद्धतीच्या आयसी तापतात फार. अधिक-उणे २५ व्होल्टवर आठ ओहमचा स्पीकर असेल तर आयसीमध्ये जास्तीत जास्त सुमारे १६ वॅट उष्णता तयार होते. स्पीकर चार ओहमचा केला की तीच ३२ वॅट! सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे आयसीच्या पोटात सोल्डरिंगच्या इस्त्रीहून जास्त आच. ती बाहेर काढायला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा, पंखदार हीटसिंक हवा, मध्ये उष्णतावाहक पेस्ट हवी आणि पेटीला हवा खेळायला भोकं हवीत. आगपेटीएवढ्या हीटसिंकवर भागत नाही. क्लास डी बोर्ड ९० टक्क्यांच्या आसपास वीज आवाजासाठी वापरतात, म्हणून ते लहान हीटसिंकवर निभावतात.

दुकानातल्या बोर्डावरची आयसी अस्सल असेलच असं नाही. नामांकित आयसीची नक्कल करून विकणारे आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा तुमच्या गावात, जिथे कुठे घ्याल तिथे ओळखीच्या दुकानातून आणि पावती घेऊन घ्या. इतरांपेक्षा निम्म्या किमतीत मिळत असेल तर आनंद मानण्याआधी शंका घ्या.

उणे टोक म्हणजे अर्थिंग नव्हे

एक चूक वारंवार होते. क्लास डी बोर्ड आणि मोटारीचे बरेचसे अ‍ॅम्प्लिफायर ‘ब्रिज’ पद्धतीने चालतात. म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना अ‍ॅम्प्लिफायरच असतो, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. या बोर्डांवर डाव्या-उजव्या स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र करायच्या नाहीत, त्या पेटीच्या धातूला किंवा मोटारीच्या बॉडीलाही जोडायच्या नाहीत. ‘उणे तर उणे, सगळं एकच’ असं म्हणून तारा वाचवायला गेलात की बोर्ड गेला.

तारेचंही बघा. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन तिची स्वतःची अडवणूक सुमारे ०.३५ ओहम होते. आठ ओहमच्या स्पीकरसाठी हे किरकोळ, चार टक्के शक्ती तारेत जाते. दोन ओहमच्या स्पीकरसाठी मात्र १५ टक्के! म्हणून कमी ओहमच्या स्पीकरला तार आखूड आणि जाड हवी. स्पीकर लांब, रस्त्याच्या टोकाला लावायचे असतील तर हा मार्गच नको. स्टेशनांवर, सभांना जी १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात ती तिथे योग्य. व्होल्ट जास्त, अँपिअर कमी, बारीक तारेतही काम होतं.

दुप्पट वॅट, पण आवाज?

एवढा आटापिटा करून दोन ओहमवर जाण्यात मिळतं काय? वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला तो ‘जरासा वाढला’ एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहा डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा स्पीकर घेतानाच त्याची ‘सेन्सिटिव्हिटी’ बघावी. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९३ डेसिबल देणारा घेतला तर चौपट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लावल्यासारखा फरक पडतो. वीज तेवढीच, बोर्ड तोच.

आणि मुळात किती आवाज हवाय? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. बीरगांवात तर निम्मी कॉलनी रात्रपाळी करून दिवसा झोपते. विसर्जनाच्या मिरवणुकीत धुमालवाल्यांचा दणका असतोच, तो एक दिवसाचा. आरतीचे शब्द शेवटच्या घरापर्यंत स्पष्ट पोहोचले की मांडवातल्या बॉक्सचं काम झालं.

काकांनी सांगितलेलं

रेडिओवाल्या काकांनी त्या सकाळी भाच्याला एक कागद आणि पेन्सिल दिली. ‘आमच्या टायमाला याला मॅचिंग म्हनत,’ ते म्हणाले. ‘अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं चार, आठ, सोळा असे खिळे राहायचे. स्पीकर पाहूनच तार लावायची. आता खिळे गेले, तर लोकं पाहनंबी विसरले.’

मग त्यांनी पोराकडून चार स्पीकरचं चित्र काढून घेतलं. दोन-दोनच्या दोन सीरिज जोड्या, त्या दोन्ही पॅरलल. एकूण आठ ओहम. नवा बोर्ड आणला तो तसाच, टीडीए ७२९४ चा. ट्रान्सफॉर्मर तोच, स्पीकर तेच. बदलली ती फक्त जोडणी. हीटसिंक काकांनी आपल्या भंगारातून दिला, चांगला वीतभर लांब. आयसी बिघडली तर स्पीकरच्या वेटोळ्यात सरळ वीज जाऊन ते जळू नये म्हणून मध्ये रिलेचं प्रोटेक्शन सर्किट घातलं.

पहिल्यांदा वीज देताना काकांनी बोर्ड थेट प्लगमध्ये लावू दिला नाही. मध्ये सीरिजमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब घातला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो, बोर्ड वाचतो. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. काका हसले, ‘झालं. आता लाव.’

तोवर दादा रात्रपाळी संपवून आला होता. तो दारातच थांबला. काकांनी त्यालाही ऐकवलं, ‘पोट्टं चुकलं, पन लपवलं नाही. मीटर धरायची अक्कल यालेच म्हनतात.’ दादा काही बोलला नाही. पण मांडवातलं वायरिंग तपासायला तोच शिडीवर चढला. पावसाने ओली झालेली एक्स्टेन्शनची पेटी जमिनीवरून उचलून त्याने खांबावर उंच बांधली. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, तो बटण दाबल्यावर पडतो ना, हेही बघितलं. भाद्रपदातला मांडव, ओली जमीन, अनवाणी मुलं. २३० व्होल्टशी खेळ नको.

संध्याकाळी आरती सुरू झाली. आवाज आदल्या दिवशीपेक्षा किंचित कमी होता, पण स्वच्छ होता. फाटत नव्हता. देवीची आरती आली तेव्हा भाचा नकळत बॉक्सकडे सरकला आणि हीटसिंकला हात लावून बघितला. कोमट होता. विसर्जनापर्यंत तो बॉक्स एकदाही बंद पडला नाही.

मी मुंबईला निघाले त्या दिवशी बॉक्सच्या मागच्या फळीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. भाच्याच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘एकूण ८ ओहम. यात आणखी स्पीकर जोडू नये.’ खाली दादाची सही होती.

खरेदीला निघण्यापूर्वी

१. स्पीकर किती, प्रत्येकी किती ओहम आणि जोडणी कशी, हे कागदावर मांडा. एकूण ओहम काढा.

२. त्या एकूण ओहमला चालेल असं आयसीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तोच बोर्ड घ्या. ‘चालून जाईल’ या शब्दावर घेऊ नका.

३. वॅट किती व्होल्टवर आणि किती ओहममध्ये, हे विचारा.

४. अ‍ॅडॉप्टर किंवा ट्रान्सफॉर्मरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. बोर्डातून त्यापेक्षा जास्त वॅट निघणार नाहीत.

५. ओहम निम्मे केलेत तर व्होल्ट कमी करा, हीटसिंक वाढवा, तार जाड करा.

६. ब्रिज पद्धतीच्या बोर्डावर काळ्या तारा एकत्र करू नका.

७. फ्यूज योग्य अँपिअरचाच घाला. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा कधीही नाही.